सुटो माणूस

सखाआबा तारींनी तोंडवलीत पर्यटकांसाठी तीन खोल्या काढल्या आणि पहिल्याच गिऱ्हाइकाला दारातून परत पाठवलं. सांगलीकडचं जोडपं होतं, लग्नाला महिना झाला असेल नसेल. आबांनी त्यांना ओट्यावर बसवलं, शहाळं फोडून दिलं, प्रवास कसा झाला ते विचारलं आणि मग म्हणाले, "तुमी दोघां?"

नवरा लाजून हसला. "हो, दोघंच."

"मगे नाय जमाचा. हय फक्त एकट्याची सोय आसा."

त्या दोघांना ही थट्टा वाटली. आबांनी उठून फाटकावरची पाटी दाखवली. पाटीवर खरोखरच लिहिलं होतं, 'एकट्या माणसाची राहण्या-जेवणाची सोय'. पाटी रंगवणाऱ्याला वाटलं होतं की म्हातारा एक ओळ सांगायला विसरला, म्हणून त्याने आपल्या मनाने खाली 'फॅमिलीसाठी खास व्यवस्था' असंही घातलं होतं. आबांनी ती ओळ नारळ किसायच्या आडाळ्याने खरवडून काढली होती. खरवडल्याची खूण मात्र शेवटपर्यंत राहिली.

मला हे सगळं बसल्या जागी दिसायचं, कारण माझं एस.टी.डी.चं दुकान त्यांच्या दगडी गडग्याला लागून. आबांकडे फोन नव्हता. पाटीवर नंबर होता तो माझा, पुढे कंसात 'पी.पी.'. म्हणजे फोन यायचा मला, त्रास व्हायचा मला, आणि नाही म्हणायचं तेही मीच. पलीकडून कोणी "खोली आहे का" विचारलं की मी विचारायचो, "किती माणसं?" एकापेक्षा जास्त आकडा आला की सांगायचं, "जमणार नाही." लोक मलाच शिव्या देत. एक गृहस्थ म्हणाले, "अहो, बायको आहे माझी, चोरून आणलेली नाही." मी म्हटलं, "असेल, पण एकटे आलात तरच जमेल." त्यांनी फोन आपटला. मी काय करणार?

आमच्याकडे मासळी दोन तऱ्हांनी विकतात. मोठा मासा सुटा, नगावर. बारीक मासळीचा वाटा लावतात. वाट्यात काय येईल ते सगळं घ्यायचं, निवडायचं नाही. आबांनी माणसांचीही अशीच वर्गवारी केली होती. एकटा आला तो 'सुटो माणूस', आणि दोघं, चौघं, आईवडील-मुलं असं लटांबर आलं की तो 'वाटो'. माझ्या दुकानाच्या खिडकीत डोकं घालून विचारायचे, "अन्या, फोन कोणाचो होतो? सुटो की वाटो?"

"वाटो. सात जणां. कराडची."

"मगे तुज्याकडे घे."

मी घ्यायचो. ते लपवण्यात अर्थ नाही. आबांनी नाकारलेली माणसं कुठेतरी राहायला हवीतच. माझी बायको शालन हिने पहिल्या वर्षी एक खोली रिकामी केली, दुसऱ्या वर्षी माडीवर दोन काढल्या. आमचा सगळा व्यवसाय आबांच्या वेडेपणावर उभा होता, आणि त्यांना शहाणं करण्याची आम्हाला काही घाई नव्हती.

त्या काळी एकट्या माणसाला लॉजवर खोली मिळणं कठीण. एकटा तरुण म्हणजे घरातून पळालेला, एकटी बाई म्हणजे कोणीतरी पळवलेली, आणि वय झालेला एकटा म्हणजे जीव द्यायला आलेला, अशी मॅनेजर लोकांची सरळ वाटणी होती. आमच्या गावातही निराळं काही नव्हतं. आबांकडे पहिला एकटा पाहुणा आला, तेव्हा पोलीस पाटील तीनदा विहिरीत डोकावून गेले. तो बिचारा पक्षी बघायला आलेला, बेळगावचा.

आबा तीस वर्षं बोटीवर भांडारी होते, म्हणजे स्वयंपाकी. "चाळीस तोंडांक एकदम रांधलंय," ते म्हणायचे. "आता एकेका तोंडाक रांधतलंय." त्यासाठी त्यांनी कुडाळच्या बाजारातून एवढी एवढीशी पातेली आणली होती. एका माणसाची आमटी एका पातेल्यात. पहिल्या दिवशी पाहुण्याला मासा विचारत नसत. त्याचं तोंड बघून ठरवत आणि मासेवालीला सांगत. "ह्येका बांगडो नको. ह्यो दमलेलो आसा, ह्येका सौंदाळो दी." दमलेल्याला सौंदाळा का, हे मला आजवर कळलेलं नाही.

एकटा माणूस राहायला का येईल आणि आल्यावर का टिकेल, याचा त्यांनी जेवढा विचार केला होता, तेवढा मी माझ्या लग्नाचा केला नव्हता. त्यांच्या जेवणघरात टेबलं तीन, आणि प्रत्येकाला खुर्ची एकच. समोर खुर्ची रिकामी दिसली की माणूस जेवत नाही, असं त्यांचं म्हणणं. टेबल खिडकीला लावलेलं, खिडकीतून सुरूचं बन आणि मागे समुद्र. लग्न झालंय का, मुलं किती, घरचे कुठे आहेत, हे प्रश्न त्या घरात बंद होते. शालन एकदा आमसुलं द्यायला गेली आणि ठाण्याच्या एका बाईला तिने सवयीने विचारलं, "मिस्टर नाय इले?" आबांनी तिला तिथल्या तिथे बाहेर काढलं. आमसुलं ठेवून घेतली. एकट्या बाईला खोली देताना किल्ल्या दोन्ही तिच्याच हातात देत. "एक उघडूची, एक पयली सांडली तर. माज्याकडे तिसरी नाय," असं सांगत, आणि तिसरी खरंच नव्हती.

एकटा पाहुणा यायचा असेल त्या दिवशी ते यष्टीच्या थांब्यावर तासभर आधी जाऊन उभे राहत. पाऊस असला तर दोन छत्र्या. मी म्हणायचो, "आबानू, एकच रस्तो आसा, चुकतलो खंय तो?"

"चुकाचो नाय रे. पण उतारल्यार कोण तरी उभो दिसाक व्हयो."

सगळ्यात अवघड मामला होता बोलण्याचा. एकट्या माणसाला कधी बोलायचं असतं, कधी नसतं, आणि ते तोंडाने सांगायची त्याला लाज वाटते. आबांनी यावर तोड काढली ती पंच्याची. गप्पा मारायच्या असतील तर पाहुण्याने आपला पंचा बाहेरच्या दोरीवर घालायचा. दोरीवर पंचा नसेल तर घरातलं कोणी त्याच्याशी अवाक्षर बोलणार नाही. घरातलं कोणी म्हणजे आबाच. ही सगळी सूचना दाराच्या आतल्या बाजूला लिहून चिकटवली होती, आणि दार उघडं असलं की ती भिंतीकडे जायची.

निपाणीहून एक बँकेतले साहेब आले होते. शांततेसाठी आलेले, तसं त्यांनी फोनवर मला दोनदा सांगितलं होतं. सकाळी अंघोळ केली आणि ओला पंचा दोरीवर टाकला. ओला पंचा माणूस दुसरीकडे कुठे टाकेल? आबा लगेच चहा घेऊन आले, समोर बसले आणि एडनच्या बंदरापासून त्यांनी जी गजाल सुरू केली ती दुपारच्या जेवणापर्यंत. साहेब भिडस्त. संध्याकाळी पुन्हा अंघोळ केली, पुन्हा पंचा दोरीवर. आबांना वाटलं, काय दुःख आहे बिचाऱ्याला! त्या दिवशी आबांची बोट सुएझ ओलांडून गेली. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे घरी फोन लावायला आले तेव्हा साहेबांचा आवाज बसला होता, आणि बोलले तर नव्हतेच ते फारसे. मी त्यांना पंच्याचं सांगितलं. त्यानंतर ते पंचा उशाखाली वाळवू लागले. आबांचा चेहरा एवढासा झाला. पुढच्या वर्षी साहेब परत आले, तेव्हा यष्टीतून उतरतानाच त्यांच्या खांद्यावर पंचा होता.

जाताना प्रत्येकाच्या हातात आबा एक पोस्टकार्ड ठेवत. त्यावर स्वतःचा पत्ता आणि मजकूर लिहून तयार, 'सुखरूप पोचलो/पोचले'. नको ते खोडायचं आणि टाकायचं. कार्ड दहा दिवसांत आलं नाही की माझ्या दुकानात हजर. "लाव रे त्येका." एकदा असाच नाशिकला लावला. पाहुण्याच्या बायकोने उचलला. ती म्हणाली, "तोंडवली? ते तर ऑफिसच्या कामाला नागपूरला गेले होते." मी घामाघूम. आबांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि विचारलं, "घरी पोचलो मां? झाला तर मगे," आणि ठेवून दिला. त्या घरी पुढे काय झालं ते परमेश्वराला माहीत. कार्ड मात्र चौथ्या दिवशी आलं.

आता तुम्ही विचाराल, एवढा माणुसकीचा मनुष्य, आणि जोडप्यांवर एवढा राग का? गावात कोणी विचारत नसे, कारण सगळ्यांना ठाऊक होतं.

आबांना एकच मुलगी, विजू. आबा बोटीवर असताना आईने वाढवली, पण जीभ बापासारखीच तिखट, जेवणातही आणि बोलण्यातही. आबा नोकरी संपवून कायमचे घरी आले आणि त्याच साली बायको गेली. विजू पुण्याला नोकरीला होती. तिने तिथल्याच एका मुलाशी लग्न ठरवलं. मुलगा चांगला, निर्व्यसनी, नोकरीत कायम. दोष एकच, आबांना न विचारता आवडला होता. जात वगैरे बोलून झाली, पण खरं दुखणं तेच. तीस वर्षं जगाच्या पाठीवर फिरून बाप मुलीजवळ बसायला आला, तर मुलगी निघालेली. विजू सांगायला आली त्या दिवशी खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, उभं राहून आबा ओरडले, ते मी माझ्या कानांनी ऐकलं, "येवचा तर एकटी ये! त्येका घेवन माज्या खळ्यात पाय ठेवू नको!"

विजू त्यांचीच मुलगी. म्हणाली, "येतलंय तर दोघां. नायतर मी येवचंय नाय."

आणि आली नाही. पुढच्या गणपतीत आली नाही, आंगणेवाडीच्या जत्रेला आली नाही, आणि अशी आठ वर्षं गेली. आबांनी तिचं नाव काढलं नाही. खोल्या काढल्या त्या विजू गेल्यावर वर्षभराने. गाव म्हणालं, म्हाताऱ्याला जोडपी बघवत नाहीत, खुन्नस आहे. मीही तसंच समजत होतो.

मग तो फोन आला. एप्रिलचे दिवस, दुकानात गर्दी, एक माणूस केबिनमधल्या दुसऱ्या लाईनवर ओरडून दुबईशी बोलत होता. लाईनमध्ये खरखर. बाईचा आवाज, शुद्ध पुणेरी. "मे महिन्यात तारींकडे खोली मिळेल का?"

"किती माणसं?"

"तीन. दोन मोठी, एक लहान."

मी सवयीने सुरू झालो. "तिथे जमणार नाही, मॅडम. तिथे फक्त एकट्या माणसाची सोय आहे. पण आमच्याकडे फॅमिलीची व्यवस्था आहे, अगदी शेजारीच, समुद्र तोच, शिवाय..."

पलीकडे एकदम शांत झालं. मला वाटलं लाईन गेली. मग तोच आवाज, पण पुणं पार उतरून गेलेलं. "अजून? अजून तसाच आसा?"

मी "कोण? कोण बोलता?" करेपर्यंत फोन ठेवला गेला होता.

शिरा पडो माझ्या तोंडावर! आठ वर्षांनी बापाच्या दाराची कडी वाजवायला आलेल्या पोरीला मी हाकललं, वर आमच्या खोल्यांची जाहिरात केली. दुकानात फोन यायच्या आधी, लहानपणी, माझ्याकडूनच लिमलेटच्या गोळ्या नेलेली पोर. दुबईवाल्याला अर्ध्या वाक्यावर बाहेर काढून मी दुकानाला कडी घातली.

आबा मागच्या पडवीत एकाच बांगड्याला मसाला लावत होते. मी सांगितलं. सगळं सांगितलं, शालनच्या खोल्यांची जाहिरात केली तेसुद्धा. त्यांनी बांगडा उलटा केला आणि दुसऱ्या बाजूला मसाला लावला. मग पुन्हा उलटा करून पहिल्याच बाजूला लावू लागले.

मला राग आला. खरं तर माझा मलाच आला होता, पण निघाला त्यांच्यावर. "आबानू, लोकांच्या पोरींका दोन दोन छत्र्यो घेवन आणूक जातास. त्यांची पत्रां नाय इली तर झोप लागणा नाय तुमका. आणि सोताच्या चेडवाक ही शिक्षा? खुन्नस तरी किती वर्सां धरूची?"

"खुन्नस?" त्यांनी वर बघितलं. खरंच नवल वाटल्यासारखं. "खुन्नस कसली रे मेल्या? मी तिका काय म्हटलंय? एकटी ये म्हटलंय मां? मगे घर एकटीक लागता तसा करून ठेवलंय. म्हटलंय, कदी तरी येत. भांडान येत, रागान येत, पण येत. आणि ती एकटी इली, नि हय दुसऱ्यांची जोडपी हसत खेळत बसलेली तिका दिसली, तर तिका काय वाटात? बापूस परक्यांच्या जावयांका घावणे घालता, आणि माज्या घोवाक खळ्यात पाय नाय?"

मी त्यांच्यासमोर पडवीतच खाली बसलो. 

"म्हणान वाटो नको म्हटलंय," ते म्हणाले. "माका काय, शिजवूक चाळीसांचा पण येता."

नंबर शालनने मिळवला. मसुऱ्याला विजूची शाळेतली मैत्रीण दिलेली होती, शालन तिच्याकडे एका बसने जाऊन दुसऱ्या बसने परत आली. आमचा धंदा बुडेल म्हणून एका शब्दाने कुरकुरली नाही, हे इथे नोंदवतो, कारण नंतर ती मला ते अनेकदा ऐकवणार होती. कागदाचा कपटा आबांच्या हातात दिला. त्यांनी घडी करून खिशात ठेवला आणि "बघूया" म्हणाले.

तीन दिवस बघत होते. दुकानासमोरून जायचे, यायचे. दोन पाहुणे होते घरात, दोघांचेही पंचे दोरीवर वाळून कडक झाले, पण आबांचं लक्ष नव्हतं. चौथ्या दिवशी दुपारी, दुकानात कोणी नाही असं बघून आत आले. अंगात इस्त्रीचा शर्ट. केस पाणी लावून बसवलेले. केबिनचं दार उघडलं, आत बघितलं, आणि दार धरून तिथेच उभे राहिले.

"अन्या."

"काय?"

"जरा भितर येतंस माज्यावांगडा?"

माझ्या केबिनमध्ये एक माणूस मावतो, तोही बेताचा. मी बेताचा नाही. पण गेलो. दार लागेना, ते पोटाने धरून ठेवलं. वरचा पंखा बिघडलेला. आबांनी खिशातला कपटा माझ्या हातात दिला, नंबर मीच फिरवला.

पलीकडे उचलला. "हॅलो?"

आबांनी माझ्याकडे बघितलं. घसा खाकरला. आणि मी जन्मात त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं असं कचेरीतलं मराठी बोलू लागले. "नमस्कार. मी तोंडवलीहून बोलतोय. आपण मे महिन्यासाठी खोलीची चौकशी केली होती. तर... त्या वेळी आमच्या माणसाकडून चूक झाली."

मी मान हलवली. चूक माझीच, म्हटलं, घाला माझ्यावर.

"खोली आहे," आबा म्हणाले. "तीन माणसांची आहे. मोठी खोली, समुद्राकडची. आपण... आपण सगळे यावं."

 केबिनमध्ये आम्ही दोघं घामाने निथळत होतो. आबांनी रिसीव्हर दोन्ही हातांत घट्ट धरला होता. ठेवतील असं वाटलं मला, आणि मी त्यांचं मनगट पकडून ठेवलं.

"जेवणाची व्यवस्था घरचीच आहे," ते तसेच पुढे बोलत राहिले.  "फक्त एक विचारायचं होतं. लहान मुलाला... तिखट चालतं का?"

आता मात्र आवाज आला. रडत होती की हसत होती, मला कळलं नाही. एवढ्या जवळून मला सगळं स्पष्ट ऐकू येत होतं.

"बाबा, मुलगो नाय ओ. चेडू आसा."

आबांनी डोळे मिटले.  मग रिसीव्हर सरळ केला आणि आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, "चेडू? मगे तिका चलतला."